राणी मुंगीची ओळख पटवायची तयारी

वसाहत पाळायला पकडलेली राणी कोणत्या प्रजातीची हे ठरवायचं असेल, तर मुंग्या उडायचा, म्हणजे पंखवाल्या राण्या आणि नर मीलनासाठी बाहेर पडण्याचा हंगाम सुरू होण्याआधीच एक लहान पिशवी भरून ठेवा. त्यात वही-पेन, मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन-चार पारदर्शक नळ्या आणि कापूस असू द्या. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स असेल तर तीही घ्या. राणी दिसल्यावर सामान शोधत बसलं, की जी माहिती नंतर कुठल्याच फोटोतून मिळत नाही, नेमकी तीच निसटते.

म्हणून राणीला नळीत घेऊन नळीचं तोंड कापसाने बंद केल्याबरोबर, तिथेच उभं राहून तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा. पाऊस कधी पडून गेला, वारा होता का, ती उघड्या जमिनीवर चालत होती, दिव्याखाली पडली होती की कुजक्या लाकडात सापडली, हेही लिहा. काही प्रजाती भर दुपारी उडतात, काही तिन्हीसांजेला, काही रात्री. दिसायला सारख्या दोन प्रजातींत निवड करायची वेळ येते तेव्हा ही ओळ फार कामाला येते. आसपास त्याच मुंगीचे नर मरून पडले असतील तर एक-दोन उचलून अल्कोहोलमध्ये ठेवा. कित्येक प्रजातींचा निकाल नरांच्या जननांगांवरूनच लागतो.

ती राणीच आहे ना, हे आधी तपासा. मोठ्या डोक्याची कामकरी मुंगी पाहून पुष्कळ जण फसतात. राणीची छाती उडण्याच्या स्नायूंमुळे जाड, फुगीर असते आणि पंख गळाले असतील तर त्यांच्या बुडाच्या खुणा भिंगातून दिसतात. पंख शाबूत असतील तर ते ओढून काढू नका, आणि पंख आहेत म्हणून मीलन झालं नसेल असंही धरून चालू नका. नळीत गळून पडलेले पंख मात्र जपून ठेवा, कारण त्यांच्यावरच्या शिरांची रचना जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, ठरवायला मदत करते.

लांबी जबड्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मोजा. अंडी भरली की पोट फुगतं, म्हणून छातीची लांबी वेगळी टिपून ठेवलेली बरी. रंगावर फार विसंबू नका. नुकतीच कोशातून निघालेली मुंगी फिकी असते आणि पिवळ्या दिव्यात काळं तपकिरी दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ कमरेवर घालवा. छाती आणि पोट यांच्या मध्ये एक गाठ आहे की दोन, एवढ्या एका उत्तराने निम्मी नावं बाजूला पडतात. एकच गाठ आणि पोटाच्या टोकाला केसांची झालर असलेलं गोल छिद्र दिसलं तर कँपोनोटस, लॅसियस या जीनसांच्या उपकुळाकडे (उपकुळ म्हणजे अनेक जीनसांचा मोठा गट) वळा. एक गाठ, दंश करणारी नांगी आणि पोटाच्या पहिल्या भागानंतर आवळल्यासारखी खाच, ही खूण पोनेरिनी उपकुळाची. दोन गाठी असतील तर बहुधा मिर्मिसिनी. त्यात पोट पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं आणि दुसरी गाठ पोटाला वरच्या बाजूने जोडलेली, म्हणजे क्रेमॅटोगॅस्टर. शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवाच्या टोकाला दोन खंडांचा जाड भाग सोलेनॉप्सिसमध्ये, तर तीन खंडांचा बहुतेक फायडोलमध्ये असतो.

फोटो तीन तरी हवेत: अगदी बाजूने, वरून आणि चेहरा समोरून. एकात पट्टी येऊ द्या. राणी थांबतच नसेल तर नळी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. बाहेर काढल्यावर काचेवर आलेलं दव पुसून मगच फोटो घ्या. त्यानंतर तिला अंधारात, हलवाहलव न करता राहू द्या. सारखं भिंग लावलं तर ती अंडी खाऊन टाकू शकते, आणि ओळखीपायी वसाहत गमावणं मला पटत नाही.

आता अँटवेब या मुंग्यांच्या संकेतस्थळासारख्या संग्रहातल्या फोटोंशी ताडून पाहा, पण तुमच्या भागात नोंद असलेल्या प्रजातींपासून सुरुवात करा. जगात मुंग्यांच्या चौदा हजारांहून अधिक प्रजातींना नावं मिळालेली आहेत. नुसत्या फोटोवरून बहुतेक वेळा जीनसपर्यंतच पोचता येतं आणि तेवढ्यावर थांबणं प्रामाणिकपणाचं आहे. सांभाळायची पद्धतही पुष्कळदा तिथेच कळते. कँपोनोटसची राणी सहसा स्वतः काही न खाता पहिली पिल्लं वाढवते. मिर्मिका आणि बहुतेक पोनेरिनी राण्यांना त्या काळातही भक्ष्य लागतं. लॅसियसमधली राणी छातीच्या मानाने रुंद डोक्याची आणि लहान पोटाची असेल तर ती परजीवी असू शकते, आणि मग यजमान, म्हणजे दुसऱ्या प्रजातीच्या, कामकऱ्यांशिवाय तिची वसाहत उभीच राहत नाही.

ओळख पटवण्याच्या बहुतेक किल्ल्या, म्हणजे खुणांवरून टप्प्याटप्प्याने नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, कामकरी मुंग्यांवरून लिहिलेल्या असतात. पहिल्या पिढीच्या कामकरी खुज्या असतात, त्यांच्या मापांवरून ठरवू नका. पुढच्या पिढीतली एखादी आपोआप मेली की ती अल्कोहोलच्या कुपीत टाका आणि कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: तारीख, ठिकाण, कोणत्या राणीची.