नवा फिशटँक मांडताय? पहिल्या महिन्यातल्या या चुका टाळा

इंदुरात आमच्या रामबागेतल्या घरात पहिला टँक आला तो एका रविवारी. दोन फुटी काचपेटी, निळी खडी, उघडझाप करणारा प्लॅस्टिकचा शिंपला आणि पिशवीत दहा मासे, सगळं एकाच फेरीत. पोहे खाऊन कामाला लागलो आणि जेवायच्या आत टँक मांडून मोकळे झालो. बुधवारी तीन मासे तरंगत होते, शनिवारपर्यंत दोनच उरले. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "कुछ नहीं, पूरा पानी निकाल के धो डालो." धुतलं. उरलेले दोघे त्या धुण्यात गेले.

त्यानंतर बरेच टँक झाले. आता ओळखीपाळखीतून कुणाचा फोन आला, "काका, मासे वर येऊन तोंड उघडमीट करताहेत," की मी रोगाचं काही विचारत नाही. टँक मांडून किती दिवस झाले आणि पाणी कुठलं भरलंय, एवढंच विचारतो. बहुतेक वेळा पुढचं विचारावंच लागत नाही.

विरजण न लावता दही मागणं

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पण ५४ लिटरच्या पेटीतून जाणार कुठे? जुन्या टँकमध्ये त्याचा निकाल जिवाणू लावतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पाणी बदलताना निघून जातं. हे जिवाणू स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून असतात. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच. पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि तोवर पाणी अगदी नितळ दिसत असतं, म्हणूनच माणूस फसतो.

कुणाकडे निरोगी, जुना टँक असेल तर त्यातून विरजण आणा. त्यांच्या फिल्टरच्या स्पंजाचा एक तुकडा त्याच पाण्यात बुडवून, ओला ठेवून आणायचा आणि तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. तुकडा देत नसतील तर स्पंज बादलीत पिळून द्या म्हणावं. चहासारखं तपकिरी पाणी निघतं, ते आपल्या फिल्टरच्या तोंडाशी ओतायचं. घरचे नाकं मुरडतील, मुरडू देत. विरजण मिळालंच नाही तर मासे न सोडता फिल्टर चालू ठेवून दिवसाआड खाण्याची चिमूट टाका. ती कुजते, अमोनिया होतो आणि जिवाणूंना खुराक मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट ऑनलाइन मिळतं. खाणं पडत असूनही दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की दोन-तीन मासे आणा. बाकीचे पंधरा दिवसांनी.

पहिल्या आठवड्यात पाणी ताकासारखं पांढुरकं झालं तर घाबरून ओतून देऊ नका. तीही जिवाणूंचीच वाढ असते, चार-सहा दिवसांत आपोआप बसते.

नर्मदा की बोरिंग?

इंदुरात मासे पाळणाऱ्याला हे ठरवावंच लागतं. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपाने चढवून आणतात, बऱ्याच वस्त्यांत ते दिवसाआड येतं आणि त्यात क्लोरीन असतं. ते आपल्यासाठी ठीक. माशांचे कल्ले मात्र त्याने भाजतात आणि जिवाणूही मरतात. नळ आला म्हणून नळी थेट टँकमध्ये सोडणं ही आम्हा इंदूरकरांची खास चूक. पाणी उघड्या बादलीत एअरपंप लावून चोवीस तास ठेवा, किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडेही तेच काम करतात. झाकणबंद टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी 'मुरलं' असं धरून चालू नका; क्लोरीन उडून जायला उघडी हवा लागते.

बोरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण माळव्याच्या काळ्या दगडातून आलेलं ते पाणी जड असतं. कढईवर पांढरे डाग पडतात तेच. असं पाणी सहसा अल्कधर्मी असतं, आणि तिथे आणखी एक गोम आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच घातक. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियात हे घातक रूप जवळपास दहापट होतं. म्हणजे नव्या टँकमधली जी चूक मऊ पाण्यात एखादवेळ खपून जाते, ती बोरिंगच्या पाण्यात खपत नाही.

यावर आरओचं पाणी भरणारे हुशार लोक मला भेटतात. नुसत्या आरओत खनिजं जवळजवळ उरतच नाहीत, पीएच धरून ठेवणारं काही राहत नाही आणि तो अचानक कोसळतो. त्यापेक्षा पाण्याजोगे मासे आणा. गप्पी, मॉली, प्लॅटी जड पाण्यात सुखाने राहतात. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या मऊ, आम्ल पाण्यातला. त्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. आणि एकदा नर्मदा तर नर्मदा, बोरिंग तर बोरिंग. मे महिन्यात नाइलाजाने बदलावं लागलं तर थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला. शोभेसाठी संगमरवराचे तुकडे आणि समुद्राचे शंख टाकू नका, ते विरघळून पाणी आणखी जड करतात.

स्वच्छतेचं वेड

आमच्या शहराने २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर घेतला. ओला कचरा, सुका कचरा लहान पोरंसुद्धा वेगळा करतात. हीच सवय टँकवर उलटते. माझ्या आत्याने एकदा, माझ्या गैरहजेरीत आणि अगदी मायेने, फिल्टरचा स्पंज वाहत्या नळाखाली पिवळाधमक होईपर्यंत घासला. आल्यावर मला म्हणाली, "किती मळ होता रे त्यात!" तो मळ म्हणजे चार महिन्यांत जमलेलं विरजण. तिसऱ्या दिवशी गप्पी पृष्ठभागाला टेकून धापा टाकत होते. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलत, खाणं निम्म्यावर आणत पंधरा दिवस काढले तेव्हा निभावलं.

आत्याला मग दाखवलं ते असं. आठवड्याला पाव हिस्सा पाणी नळीने तळातून ओढायचं, म्हणजे खडीतली घाणही सोबत येते. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच पिळायचा, तोही पाणी यायचं मंदावल्यावरच. एका दिवशी खडी आणि स्पंज दोन्ही घासायचे नाहीत. साबण, डिटर्जंट, फिनाइलचा हात लागलेली बादली चालत नाही; टँकची बादली वेगळी ठेवा आणि तिच्यावर पेनने लिहून ठेवा. बाष्पाने कमी झालेलं पाणी नुसतं भरत राहणं म्हणजे बदलणं नव्हे. वाफ उडते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात.

माळव्याची रात्र

माळव्याच्या थंड रात्रींचं कौतुक माणसांना. डिसेंबरात दुपारी खोलीत २५ अंश आणि पहाटे १५, असा झोका लहान टँकमधल्या उष्ण प्रदेशातल्या माशांना सोसत नाही. लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने ५० वॅटचा हीटर घ्या, २५ वर लावा आणि थर्मामीटर वेगळा लावा, कारण हीटरवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. पाणी बदलताना हीटर आधी बंद करायचा. उघडा पडून तापला की काच तडकते.

मेमध्ये उलटं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसात. एअरपंप जोरात, झाकण थोडं उघडं आणि पाण्यावरून जाणारा छोटा पंखा. आपल्याकडची कोरडी हवा बाष्प पटकन ओढते, त्यामुळे दोन-तीन अंश सहज उतरतात. पावसाळ्यात ही युक्ती फारशी चालत नाही.

गोल भांडं, खाणं आणि गर्दी

गोल भांड्यात गोल्डफिश ठेवू नका. तो वीतभर वाढणारा, भरपूर घाण करणारा आणि थंड पाण्यातला मासा आहे. दोन फुटी टँकमध्ये आठ-दहा लहान मासे पुरे. गप्पी मादी दर महिन्याला पिल्लं टाकते, तेव्हा टँक रिकामा वाटेल याची चिंता नको. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. मुलांना सांगा की मासे शेव खात नाहीत. खरं तर खातात, म्हणूनच सांगा.

काय दिसलं तर काय करावं

सगळेच मासे वर येऊन धापा टाकत असतील तर ते सहसा पाण्याचं दुखणं असतं: अमोनिया, नायट्राइट, क्लोरीन किंवा ऑक्सिजन. औषध नको. क्लोरीन काढलेल्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने तिसरा हिस्सा बदला, हवा वाढवा. फायटर आणि गुरामी एरवीही वर येऊन हवा घेतात, तो त्यांचा स्वभाव.

अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आणि मासा खडीला अंग घासतोय, म्हणजे 'पांढरे ठिपके' हा रोग. याचं मूळ एक परजीवी आहे आणि इथे घाई फार महागात पडते. ठिपका दिसतो तेव्हा तो कातडीखाली असतो, औषध पोचत नाही. गळून खाली पडल्यावर नवी पिल्लं पाण्यात सुटतात तेव्हाच मरतो. ठिपके दोन-तीन दिवसांत नाहीसे झाले की लोक औषध थांबवतात, आणि आठवड्याने दुप्पट येतात. तापमान हळूहळू २८-२९ वर न्या, म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं. हवा वाढवा आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. मिथिलीन ब्लू मुख्य टँकमध्ये ओतू नका, ते जिवाणूंनाही मारतं; आजारी माशासाठी वेगळी बादली करा. नवा मासा आणला की त्यालाही आधी दोन-तीन आठवडे अशाच वेगळ्या भांड्यात ठेवा. दुकानातलं पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच ओतायचं नाही.

मोठा झालेला सकर मासा (काचेला चिकटून शेवाळ खाणारा) बिलावलीच्या तळ्यात सोडून येणारे लोक मला माहीत आहेत. हा मासा परदेशी, इथल्या पाण्यात टिकतो आणि वाढतो. दुकानात परत द्या किंवा आणूच नका.

दिवाळीत चार-पाच दिवस पुण्याला जायचं असेल तर मोठे मासे उपाशी सहज राहतात. शेजारच्या काकूंना किल्ली द्या ती दिवे लावण्यासाठी. खाणं घालायचंच असेल तर दोन चिमट्या कागदाच्या पुड्यांत बांधून, तारीख टाकून ठेवा आणि डबा कपाटात लपवा. आमच्या काकूंनी डबा शोधून काढला होता.