घडीच्या चाकूची मूठ: प्लॅस्टिकची घ्यावी की स्टीलची?

घडीचा चाकू घेताना सगळं लक्ष पात्याकडे जातं. पण पातं दिवसातून फार तर चार-पाच मिनिटं उघडं असतं. बाकी वेळ खिशात मूठ असते, आणि त्या चार-पाच मिनिटांतही आपण धरतो ती मूठच. म्हणून पात्याचा प्रकार ठरला की मुठीसाठी थोडा वेळ काढावा.

तुलना करायची तर पातं तेच आणि मूठ वेगळी, अशी जोडी हवी. स्पायडर्को कंपनीची ‘डेलिका’ त्यासाठी चांगली. या कंपनीचा पहिला घडीचा चाकू ‘वर्कर’ १९८१ साली आला, त्याची मूठ स्टीलची होती. १९९० मध्ये प्लॅस्टिकच्या मुठीची डेलिका आली. आजच्या डेलिकाचं पातं साधारण ७३ मिलिमीटर आहे. प्लॅस्टिकच्या मुठीसह तिचं वजन ७० ग्रॅमच्या आसपास भरतं. तीच स्टीलच्या मुठीत ११० ग्रॅमच्या आसपास जाते. पातं तेच, काम तेच, तरी खिशात चाळीसेक ग्रॅमचा फरक.

इथे प्लॅस्टिक म्हणजे बादली-मगाचं प्लॅस्टिक नव्हे. चांगल्या चाकूची मूठ काचतंतू भरलेल्या नायलॉनची असते. खोक्यावर एफआरएन, जीएफएन किंवा झायटेल असं काही लिहिलेलं दिसतं. झायटेल हे मूळचं ड्युपाँटचं व्यापारी नाव. काचतंतूंमुळे नायलॉनला ताठपणा येतो. या मालाची घनता पाण्याच्या १.३ ते १.४ पट, स्टीलची ७.७ ते ८ पट. म्हणजे तेवढ्याच आकाराला स्टील साडेपाच-सहा पट जड. मग अख्खा चाकू तितका जड का होत नाही? कारण स्टीलची मूठ पातळ पत्र्याची करतात, प्लॅस्टिकची जाड ठेवावी लागते, आणि पातं, खिळे (त्यांतल्या एकाभोवती पातं फिरतं), लॉक (उघडं पातं आपोआप मिटू न देणारा अडसर) दोन्हीकडे सारखेच असतात.

या जाडीतच निवडीची खरी गोम आहे. स्टीलची मूठ चपटी असल्याने पँटच्या खिशात छान बसते, पण तिची कड तळहातात रुतते. एखादं फळ सोलताना ते जाणवत नाही. दहा मिनिटं पुठ्ठ्याची खोकी कापलीत, तर तळहातावर लाल रेघ उमटते. प्लॅस्टिकची मूठ साच्यातून निघते, त्यामुळे कडा गोल करता येतात आणि पृष्ठभागावर खरबरीत नक्षी देता येते. हात ओला, तेलकट किंवा मासळीने बुळबुळीत असेल तर ही नक्षीच पकड राखते. गुळगुळीत पॉलिश केलेली स्टीलची मूठ अशा वेळी निसटते. पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी आणि मासे साफ करणाऱ्यांनी पॉलिशच्या मुठीपासून लांबच राहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

थंडी-उन्हाचाही हिशेब आहे. स्टेनलेस स्टील नायलॉनच्या पन्नासेक पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून लडाखच्या पहाटे स्टीलची मूठ हाताला गोठवते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर चटका देते. नायलॉनच्या बाबतीत हा त्रास जवळपास नाही.

मग स्टील कोणी घ्यावं? ज्याच्या खिशात किल्ल्या, स्क्रू, पाने यांच्यासोबत चाकू पडतो, ज्याला मुठीच्या काठावर पडलेले घाव चालत नाहीत, आणि जो बेल्ट किंवा जाड कापडाची पँट वापरतो, त्याने. स्टीलला पोचा पडला तर निष्णात हात तो थोडाफार सरळ करू शकतो. नायलॉनला खिशाला अडकवायच्या क्लिपच्या स्क्रूपाशी भेग गेली, तर डिंक लावून ती मूठ पुन्हा भरवशाची होत नाही. स्टीलमध्ये फ्रेम लॉक नावाची रचनाही मिळते. तिच्यात मुठीच्याच पत्र्याची एक पट्टी पात्यामागे येऊन बसते, आणि घट्ट धरलं की हाताचा दाब लॉकवरच पडतो. निव्वळ प्लॅस्टिकच्या मुठीत हे जमत नाही.

दुकानात चाकू हातात घेतलात की या क्रमाने पाहा.

१. मुठीच्या पाठीकडच्या फटीतून आत बघा. प्लॅस्टिकच्या आत दोन्ही बाजूंना स्टीलच्या पातळ पट्ट्या दिसायला हव्यात. यांना लायनर म्हणतात. ७ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पात्याला लायनर नसतील आणि मूठ सडपातळ असेल, तर पुढची चाचणी जास्त कसून करा.

२. चाकू मिटलेला ठेवून अंगठा आणि तर्जनीने मूठ मधोमध दाबा. दोन्ही बाजू आत येऊन पात्याला टेकत असतील तर तो परत ठेवा. मूठ पिळल्यासारखी वळत असेल तरी तेच. अशा चाकूने जाड दोर कापताना पातं डावी-उजवीकडे डुलतं आणि मिटताना धार मुठीच्या आतल्या भिंतीवर घासून बोथट होते.

३. मिटलेल्या पात्याकडे समोरून पाहा. ते दोन्ही भिंतींच्या बरोबर मध्ये असावं. स्टीलच्या चाकूत ते एका बाजूला गेलेलं असेल तर पत्रा वाकलेला असतो किंवा खिळा वाकडा ठोकलेला असतो, आणि स्क्रू आवळून ते सुधारत नाही.

४. चाकू उघडा, लॉक बसू द्या. बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घ्या आणि पात्याच्या पाठीवर दुसऱ्या तळहाताने हलकासा दाब द्या. लॉक सुटता कामा नये. टेबलावर पाठ आपटून बघू नका. त्याने चांगलं लॉकही खराब होतं.

५. उघडा चाकू, धार खाली ठेवून, आडव्या तर्जनीवर तोला. तोल पात्याच्या खिळ्याजवळ असेल तर टोकाचं बारीक काम सोपं जातं. तोल तळहातात मागे सरकला असेल, जसा स्टीलमध्ये बहुधा सरकतो, तर चाकू हातात ठाम वाटतो पण टोक जरा आळशी होतं.

६. क्लिप तपासा. सुरुवातीच्या डेलिकांची क्लिप मुठीसोबतच प्लॅस्टिकात ओतलेली असे; ती मोडली की मूठच गेली. आता धातूची, स्क्रूची क्लिप घ्यावी. स्क्रूचे आटे लायनरमध्ये आहेत की नुसत्या प्लॅस्टिकात, हे दुकानदाराला विचारा. नुसत्या प्लॅस्टिकातले आटे दोन-चारदा काढ-घाल केली की सुटतात.

खिशाचं म्हणाल तर पातळ सुती पँट किंवा कुडत्याच्या खिशात ९० ग्रॅमपर्यंतचा चाकू निभतो. त्यापुढे खिसा ओढला जातो आणि चालताना मांडीवर आपटतो. घरातल्या वजनकाट्यावर तेवढ्या वजनाची वस्तू मोजा, एक दिवस खिशात ठेवून हिंडा, मग ठरवा.

स्वस्त चाकूंत दोन फसवणुकी नेहमीच्या आहेत. एबीएस प्लॅस्टिकची मूठ नायलॉनची म्हणून खपवतात. घरी आणल्यावर क्लिपखाली, दिसणार नाही अशा जागी, ॲसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब कापसाने लावा. एबीएस चिकट होतं. नायलॉनला काही होत नाही. ॲल्युमिनियम स्टील म्हणून देतात तेव्हा वजनावरून कळतं. लोहचुंबकावर मात्र पूर्ण विसंबू नका, कारण ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक जवळपास धरत नाही आणि तरी ते खरं स्टील असतं. लाल चकचकीत मुठीचा स्विस चाकू असेल तर ती मूठ सेल्युलोजच्या प्लॅस्टिकची असते. तिला ॲसिटोन आणि डीट असलेलं डासांचं मलम, दोन्हींपासून जपा. नायलॉनला या दोन्हींचा त्रास नाही.

देखभालीत स्टीलवाले एका ठिकाणी हमखास चुकतात. बाहेरून मूठ पुसून लखलखीत करतात आणि खाऱ्या पाण्याचा अंश खिळ्याभोवतीच्या बारीक फटीत राहू देतात. स्टेनलेसला गंज धरतो तो तिथे, हवा न लागणाऱ्या जागी. कोकणात समुद्रावरून आलात तर त्याच संध्याकाळी चाकू उघडून गोड्या पाण्यात खळखळून धुवा आणि उघडाच वाळवा. मग पात्याच्या खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बस. खोबरेल घालू नका. ते चोवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. प्लॅस्टिकची मूठ साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश एवढ्याने स्वच्छ होते. नक्षीत अडकलेला मासळीचा वास ब्रशनेच जातो.

कायद्याचं थोडक्यात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या कक्षेत येऊ शकतात. खिशातला चाकू त्याच्या बराच आत असतो. पण पोलिसांचे जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश लागू असताना सुरेसुद्धा बाळगता येत नाहीत, आणि विमानाच्या हातातल्या सामानात चाकू चालत नाही. बटण दाबून झटकन उघडणारा प्रकार तर घेऊच नका.

क्लिपचे स्क्रू सैल होतात, दोन्ही मुठींत. छोटा एल आकाराचा पाना दोनच बोटांत धरून आवळा. स्क्रू थांबला की थांबा, कारण पूर्ण मुठीचा जोर दिलात तर प्लॅस्टिकातले आटे तिथेच जातात. तरी सैल होत असेल तर निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंकासारखा द्रव) टूथपिकच्या टोकावर घ्या, तो फक्त स्क्रूच्या आट्यांना लावा आणि रात्रभर सुकू द्या. पात्याच्या खिळ्यापाशी तो ओघळू देऊ नका, नाहीतर सकाळी चाकू उघडणार नाही.