लाइन बदलली की हातही बदला: तंगूस, फ्लुरो आणि ब्रेडेड

बहुतेक जण रीलवर नवीन लाइन, म्हणजे मासेमारीची दोरी, भरतात आणि जुन्याच सवयीने गरवायला (गळाने मासे धरायला) बसतात, मग मासे सुटायला लागले की लाइनच्या नावाने खडे फोडतात. लाइन कुठलीही घ्या, पण पहिला कास्ट मारायच्या (गळ पाण्यात लांब फेकायच्या) आधी ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा रीलचा ब्रेक), गाठ आणि झटका (मासा लागल्यावर रॉडने मारायचा) या तीन गोष्टी बदलायच्याच, बाकीचं हळूहळू जमतं.

साधा नायलॉनचा तंगूस, म्हणजे मोनो, चांगलाच ताणतो. तुटायच्या आधी साधारण 20-25 टक्क्यांपर्यंत लांबतो, कंपनीप्रमाणे थोडं कमीजास्त. ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली लाइन, मात्र जेमतेम 3-4 टक्के. सगळा फरक इथेच आहे. मोनोवर लांब कास्ट केल्यावर मासा लागला की तुमचा अर्धा झटका लाइनच खाऊन टाकते, म्हणून तिथे रॉड मोठ्ठा मागे ओढायची सवय लागलेली असते. तोच झटका ब्रेडेडवर मारलात तर एकतर गळ तोंडातून फाटून बाहेर येतो, नाहीतर लीडरची (लाइनच्या टोकाला जोडलेल्या वेगळ्या लाइनच्या तुकड्याची) गाठ तुटते, आणि मासा जवळ असेल तर विचारूच नका. ब्रेडेडवर ढिली लाइन भरभर गुंडाळून घ्यायची, वजन जाणवलं की मनगटाने रॉड थोडा उचलायचा, बस. विशेषतः तीन काट्यांचे छोटे गळ असलेल्या ल्युअरवर (नकली आमिषावर) तर झटका मारूच नका, नुसती रील फिरवत राहा.

आता ड्रॅग. नेहमीचा नियम लाइनच्या ताकदीच्या 25-30 टक्के. पण ब्रेडेड बारीक असूनही खूप दणकट असते, त्यामुळे लोक 30 पौंडाची ब्रेडेड भरतात, ड्रॅग तिच्या हिशोबाने घट्ट करतात आणि पुढे लीडर मात्र 12 पौंडाचा! ड्रॅग नेहमी सगळ्यात कमकुवत जागेच्या हिशोबाने लावायचा, मग ती जागा लीडर असो, गाठ असो की पातळ तारेचा गळ. शिवाय ब्रेडेड ताणत नाही म्हणजे मासा एकदम पळाला तर तो धक्का शोषून घ्यायला फक्त रॉड आणि ड्रॅग उरतात, म्हणून ड्रॅग मोनोपेक्षा जरा सैलच ठेवा. दुसरा रॉड असेल तर ब्रेडेडसाठी थोडा मऊ घ्या, कडक रॉड आणि ब्रेडेड ही जोडी नवख्या माणसाला जड जाते.

गाठीबद्दल जरा सविस्तर सांगतो. मोनोवर चालणारी साधी क्लिंच गाठ ब्रेडेडवर सरकते, कारण ब्रेडेड गुळगुळीत असते, पकडच घेत नाही. गळाला पालोमर बांधा: लाइन दुमडून तो दुहेरी फास गळाच्या नाकातून काढायचा, त्याची एक साधी सैल गाठ मारायची, अख्खा गळ उरलेल्या फासातून पार करायचा, थुंकीने ओलं करायचं आणि दोन्ही टोकं धरून हळू ओढायचं. ओलं करणं विसरू नका, फ्लुरोवर (फ्लुरोकार्बनच्या लाइनवर) तर अजिबातच विसरू नका, कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. गाठीशेजारी लाइन कुरळी दिसली तर कापून परत बांधा. लीडर जोडायला डबल युनी गाठ सोपी पडते, फक्त मोनोच्या बाजूला 5 वेढे घेत असाल तर ब्रेडेडच्या बाजूला 8 घ्या.

फ्लुरोकार्बन पाण्यात दिसतच नाही असं म्हणतात ते जरा वाढवून सांगितलेलं आहे. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुरोचा 1.42 आणि नायलॉनचा 1.5 च्या वर, म्हणजे फ्लुरो पाण्याच्या जास्त जवळ, म्हणून कमी दिसते एवढंच. माझ्या मते तिचा खरा उपयोग दोन ठिकाणी, खडकावर घासणं सहन करते आणि बुडते. बुडते म्हणूनच पाण्यावर तरंगणाऱ्या ल्युअरला ती लावू नका, ल्युअरचं नाक खाली ओढते आणि सगळी चाल बिघडते. तिथे मोनो किंवा ब्रेडेड. उलट तळाशी ल्युअर फिरवायचा असेल तर फ्लुरो उत्तम. ब्रेडेड तरंगते आणि हलकी असते, त्यामुळे वारा असला की हवेतच तिचा मोठा बाक होतो आणि माशाने टोचलेलं कळत नाही, अशा वेळी कास्ट झाल्यावर रॉडचं टोक पाण्याजवळ आणा. खडकाळ जागी नुसती ब्रेडेड नको, ताणलेली असताना धारदार शिंपल्याला लागली की गेलीच, पुढे हातभर तरी लीडर हवाच. अधूनमधून लीडरवरून नख फिरवा, कुठे खरखर लागली तर तेवढा भाग कापून टाका.

ब्रेडेड भरताना स्पूलवर (रीलच्या चकरीवर) आधी थोडा मोनो गुंडाळा, नाहीतर सगळी लाइन स्पूलभोवती गोल फिरते आणि ड्रॅग खराब झालाय असं वाटत राहतं. भरताना ओल्या फडक्यात धरून घट्ट भरा, काठोकाठ भरू नका, आणि कास्टनंतर बेल (रीलवरची तारेची कडी) हाताने बंद करून लाइन एकदा ताणून घ्या, निम्मे गुंते तिथेच टळतात. गळ अडकला तर ब्रेडेड हाताला गुंडाळून कधीच ओढू नका, बोट कापतं. जाड काठीला वेढे देऊन ओढा. सोबत छोटी कात्रीही ठेवा, दाताने ती तुटत नाही.

ब्रेडेडवरून परत मोनोवर आलात की उलटा त्रास. बारीक टोचणं हाताला कळतच नाही, म्हणून लाइन पाण्यात शिरते तिथे नजर ठेवा, ती बाजूला सरकली किंवा एकदम ढिली पडली की समजायचं, आणि आता मात्र झटका जोरात, लांब, रॉड खांद्यामागे जाईपर्यंत.