पोकरवर पोट भरायचे असेल तर

नोकरी सोडण्यापूर्वी किमान वर्षभर प्रत्येक बैठकीची नोंद ठेवावी. किती तास खेळलो, किती जिंकलो वा हरलो आणि रेक, म्हणजे खेळ चालवणारा कापून घेतो तो हिस्सा, जुन्या जुगारी बोलीतली नाल, किती गेली, हे त्यात हवे. कारण नाल वजा जाता काही उरत नसेल, तर तो धंदा नव्हे, महागडा छंद आहे.

खेळाचे भांडवल घरखर्चापासून पूर्णपणे वेगळे ठेवावे. रोख टेबलासाठी निदान 30 ते 40 बाय-इन (एका वेळी खेळात बसण्यासाठी भरायची रक्कम) आणि स्पर्धांसाठी 100 हून अधिक गाठीशी असावेत, शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च निराळा. हे अतिसावध वाटेल; पण हातात दोन एक्के असताना समोरच्याचे दोन राजे सुमारे 18 टक्के वेळा जिंकतात, आणि असे तडाखे लागोपाठही बसतात.

रोजची कमाई मात्र साध्या हिशेबावर ठरते. समजा, पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, 100 चिप्स आहेत, प्रतिस्पर्ध्याने 50 लावल्या आणि फ्लशसाठी (बदाम, किलवर अशा एकाच प्रकारची पाच पाने) तुम्हाला एक पान कमी असून शेवटचे एकच पान उघडायचे आहे. 50 घालून 200 चा पॉट मिळवायचा, म्हणजे 25 टक्के संधी हवी. तुमच्या हातातली दोन आणि टेबलावरची चार सोडून न दिसलेल्या 46 पानांपैकी उपयोगाची 9, म्हणजे जेमतेम 20 टक्के. पान लागल्यावर समोरचा आणखी चिप्स देईल असे वाटत नसेल, तर पत्ते टाकावेत. मला स्वतःला हे गणित नव्हे, ते ठाऊक असूनही पत्ते टाकणे जड गेले.

कायदा व कर यांची चौकशी आधीच करावी, आणि उधारीच्या पैशावर कधीही बसू नये.