फोन हिसकावण्याआधी : शाळकरी मुलांसाठी ऑनलाइन समुपदेशन कसं लावून द्यायचं

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं गावाने ठरवलं. बातमी झाली ती भोंग्याची. त्यातली खरी गोष्ट वेगळी होती : मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा होता. बाप सोफ्यावर रील बघतोय आणि तिथूनच पोराला "अभ्यासाला बस" म्हणतोय, अशा घरात कुठलाच भोंगा चालत नाही.

पण भोंग्याने दीड तास मोकळा मिळतो, एवढंच. रात्री साडेअकराला पांघरुणात जे चालतं ते त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. वर्गातल्या मुलीच्या फोटोवर केलेलं मीम, शाळा-कॉलेजच्या नावाने कुणीतरी काढलेलं कन्फेशन पेज, ओळखीही नसलेल्या माणसाशी महिनाभर चाललेलं चॅट, हे सगळं तिथलं. यावर बोलायला शिकलेला माणूस लागतो. सातारा-सांगलीकडच्या पाटण, माण, जत, आटपाडीच्या गावात तो सहज मिळत नाही, म्हणून फोनवरूनच त्याच्यापर्यंत पोचायचं.

आधी आठवडाभर नोंद

समुपदेशकाला "मोबाइल फार बघतो" एवढंच सांगितलं तर पहिला तास खणण्यातच जातो. म्हणून आठवडाभर एक वही ठेवा. तीन रकाने : कधी, काय पाहिलं किंवा कुणाशी बोललो, नंतर कसं वाटलं. वही मुलाने स्वतः लिहायची, घरच्यांनी चोरून वाचायची नाही. तिसऱ्या रकान्यातूनच सगळं कळतं. तीन तास क्रिकेटचे व्हिडिओ बघून मजेत असलेला मुलगा आणि वीस मिनिटं मैत्रिणींच्या स्टोऱ्या बघून जेवण टाकणारी मुलगी, यात काळजी दुसरीची जास्त.

सोबत फोनमधले आकडे घ्या. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनवर 'स्क्रीन टाइम'. एकूण तासांवर अडू नका. रात्री दहानंतर किती, आणि दिवसात फोन किती वेळा उघडला, हे दोन आकडे वहीच्या मागच्या पानावर उतरवा. घरात एकच फोन असेल तर आकडे सगळ्यांचे मिसळलेले असतात. मग रात्रीचेच बघा.

झोपेचा हिशेब वेगळा मांडा. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सहाला उठून एसटी पकडणारी मुलगी साडेबाराला झोपत असेल तर तिची चिडचिड, घसरलेले गुण, डोकेदुखी यातला बराच भाग नुसत्या अपुऱ्या झोपेचा असू शकतो. म्हणून पहिला नियम एकच लावा : रात्री दहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात किंवा माजघरात चार्जिंगला. वडिलांचाही. गजर लावायला शंभर-दीडशे रुपयांचं घड्याळ आणा, नाहीतर "गजरासाठी पाहिजे" म्हणून फोन पुन्हा उशाशी येतो.

आणि फोन हिसकावून घेऊ नका. हिसकावला की मित्राच्या फोनवरून दुसरी आयडी निघते आणि ती तुम्हाला कधीच दिसत नाही. शिवाय कुणी त्रास देत असेल तर मूल सांगणारच नाही, कारण सांगितलं की फोन जाणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

इन्स्टाग्रामबद्दल एक खुलासा. अठराच्या आतल्यांसाठी 'टीन अकाउंट' भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. त्यात खातं आपोआप खाजगी राहतं, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद होतात, सोळाच्या आत असेल तर सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण पुष्कळदा हे लागूच होत नाही, कारण खातं काढताना जन्मसाल खोटं टाकलेलं असतं किंवा खातं वडिलांच्या नावाचं असतं. आधी जन्मतारीख बघा, मग बाकीचं.

कुणाला फोन लावायचा

सगळ्यात सोपा रस्ता केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा : १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीत. एखाद्या सिमवरून लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. जत तालुक्यातल्या सीमेलगतच्या गावांतल्या मुलांना मन मोकळं करायला कन्नड सोपं जात असेल तर ती भाषाही तिथे आहे. आधी समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतो.

पहिल्याच कॉलला मुलं गप्प होतात. यावर उपाय म्हणून कागदावर चार ओळी लिहून समोर ठेवायला सांगा. उदाहरणार्थ : "मी दहावीत आहे. वर्गातल्या ग्रुपवर माझा फोटो टाकून चिडवतात. पंधरा दिवस झोप नीट नाही. घरी सांगितलेलं नाही, सांगायची भीती वाटते." एवढ्यावर पलीकडचा माणूस पुढचं विचारू शकतो.

सलग काही आठवडे एकाच माणसाशी बोलायचं असेल तर खाजगी किंवा संस्थेतला समुपदेशक ठरवा, पण शिक्षण विचारून. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, त्याच्याकडे वैद्यकीय परिषदेची नोंदणी असते. या तिघांत गोळ्या लिहून देण्याचा अधिकार फक्त त्यालाच. एका बैठकीत मोबाइल सोडवतो म्हणणारा, मुलाचा पासवर्ड मागणारा, आधीच्या मुलांचे व्हिडिओ जाहिरातीला वापरणारा, असा कुणी असेल तर तिथेच नमस्कार करा. फी, बैठकीची वेळ आणि ऐनवेळी रद्द केल्यास काय, हे पहिल्याच फोनवर विचारा. पौगंडावस्थेतल्या मुलाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून एकदा, असा बेत साधारण झेपतो.

जागा : रेंजपेक्षा कान जास्त आडवे येतात

ऑनलाइन समुपदेशन फसण्याचं मोठं कारण नेट नाही. दोन खोल्यांच्या घरात आजी कॉटवर, आई ओट्यापाशी आणि धाकटा भाऊ दारात, असं असताना पंधरा वर्षांची मुलगी खरं काय ते बोलेल कशी? ती "सगळं ठीक आहे" म्हणते, समुपदेशक वहीत तसं लिहितो, आणि घरचे म्हणतात, "बघा, काहीच नव्हतं."

म्हणून घरापेक्षा शाळा बरी, आणि शाळेत वापरात नसलेली खोली. संगणक कक्ष, प्रयोगशाळेची मागची खोली, वाचनालय. ऑफिसशेजारची नको. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वेळ ठेवली तर वर्दळ कमी असते, आणि धारेच्या-वैरणीच्या वेळेशीही भांडण होत नाही. खोलीत पुढच्या गोष्टी लागतात : मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन टेकवायला स्टँड किंवा पुस्तकांची चळत, वायरचा हेडफोन (म्हणजे पलीकडचा आवाज बाहेर फुटत नाही), खिडकी मुलाच्या समोर, पाठीशी नव्हे, आणि दाराला आतून कडी न लावता बाहेर 'परीक्षा सुरू आहे' अशी पाटी. 'समुपदेशन सुरू आहे' अशी पाटी लावली की सोमवारी वर्गभर चर्चा. त्याच कारणासाठी ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारू नका. ग्रंथालयाच्या तासाला चिठ्ठी पाठवा.

रेंज जिथे खरंच तोकडी असते, कोयनेच्या आतल्या खोऱ्यात, जावळीच्या काही वाड्यांत, तिथे व्हिडिओचा हट्ट सोडा. आवाजाच्या कॉलला फारच कमी डेटा लागतो, आणि लाजरी मुलं चेहरा दिसत नसला तर जास्त बोलतात. रेंजसाठी मुलाला पारावर किंवा पाण्याच्या टाकीजवळ उभं करणं मात्र नको. तिथे अख्खं गाव ऐकतं. साधा सेल्युलर कॉल चालतो. कॉल तुटला तर कोण परत लावणार, किती मिनिटांत, आणि नाहीच लागला तर पुढची वेळ कोणती, हे सुरुवातीलाच ठरवा. नाहीतर मूल रडत असताना फोन तुटतो आणि दोघंही एकमेकांच्या फोनची वाट बघत बसतात.

समुपदेशक पुण्यात आणि मूल ढेबेवाडीत, तर आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून द्यावी लागते : मुलाचा त्या वेळचा पत्ता, हाकेच्या अंतरावरच्या एका मोठ्या माणसाचा नंबर, जवळच्या दवाखान्याचं नाव. आणीबाणीत त्याला तिकडून दुसरं काहीच करता येत नाही.

संमती आणि गुपित

मूल अठराच्या आत, म्हणून पालकांची लेखी संमती घ्या. विटा, खानापूर, आटपाडीकडे आई-वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात आणि मुलं आजी-आजोबांकडे, हे नेहमीचं. तिथे आजोबांच्या अंगठ्यावर भागवू नका. आई-वडिलांना तिघांच्या कॉलवर घ्या, समुपदेशकाला त्यांच्याशी दहा मिनिटं बोलू द्या, मग सहीचा फोटो मागवा.

त्या कागदावर काय सांगितलं जाईल आणि काय नाही हे साध्या मराठीत असावं. मुलाचं बोलणं घरी किंवा शाळेत जाणार नाही. अपवाद तीन : मुलाच्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका, आणि लैंगिक अत्याचार. तिसऱ्यात समुपदेशकाला पर्यायच नसतो. पोक्सो कायद्याने (२०१२) माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, शिक्षकावरही. हे मुलाला आधी सांगा. नंतर कळलं तर त्याला फसवणूक वाटते.

बैठक संपल्यावर "काय बोललास?" हा प्रश्न घरीही नको, स्टाफरूममध्येही नको. चहा द्या, घरी सोडा. वर्गशिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं.

फोटोवरून धमकी आली असेल तर

इथे क्रम चुकला की पुरावा जातो. पैसे पाठवू नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका. धमकीचे मेसेज, समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर त्या ॲपवर रिपोर्ट, आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. मुलं घाबरून आधी ब्लॉक करतात आणि खातं मग सापडत नाही.

मुलाचा खाजगी फोटो मात्र स्क्रीनशॉटमध्ये घ्यायचा नाही, "सरांना दाखवायला" म्हणून पाठवायचा नाही, शिक्षकाने स्वतःच्या फोनवर घ्यायचा तर मुळीच नाही. अल्पवयीनाचं तसलं चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी अडचण होते. पोलिसांना मूळ फोन दाखवा. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे : अठराच्या आत काढलेल्या फोटोचा डिजिटल ठसा फोनमध्येच तयार होतो, फोटो कुठेही चढवावा लागत नाही, आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो ठसा जुळवून फोटो काढतात. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये गेलेल्या फोटोवर ती चालत नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. मुलांच्या कुठल्याही संकटाला चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

वाट बघायची नाही अशा वेळा

मरणाच्या गोष्टी, हातावर कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू अचानक वाटून टाकणं, "आता माझा त्रास संपेल" अशी स्टोरी. यात पुढच्या शनिवारची बैठक नाही. मुलाला एकटं सोडू नका, सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं, तणनाशकं, घरातल्या गोळ्या त्याच दिवशी कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्यांकडे. शेतकऱ्याच्या घरात हे सगळ्यात आधी करायचं काम आहे. मग १४४१६ किंवा आणीबाणीचा ११२, आणि जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते. ऑनलाइन इथे थांबतं.

शाळेने काय बांधून ठेवायचं

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा जास्त पट असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून कमी पटाच्या संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची आहे. वाडीवरच्या शाळेला ही जोडणी ऑनलाइनच परवडते. मुख्याध्यापकांनी एका पानाचा करार करावा : समुपदेशकाचं नाव आणि शिक्षण, महिन्यातले दिवस, शाळेतला एक संपर्क शिक्षक, आणीबाणीत कुणाला फोन. टेलि-मानसचा नंबर ठळक अक्षरात वर्गात आणि वसतिगृहात लावावा. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा. तिथे तो कुणी न बघता उतरवून घेता येतो. वसतिगृहात फोन बंदी असेल तर रेक्टरचा फोन वापरा, पण रेक्टर बाहेर.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर बरीच मुलं "आता बरं वाटतंय" म्हणून थांबतात. पहिल्यांदा कुणीतरी ऐकून घेतलं याचा तो हलकेपणा असतो. थांबवायचंच असेल तर समुपदेशकाला विचारून, शेवटची बैठक ठरवून थांबवा, आणि महिन्याने पंधरा मिनिटांचा एक कॉल आधीच नोंदवून ठेवा. दहावी-बारावीच्या मुलांचा हा कॉल निकालाच्या आठवड्यात ठेवलेला बरा.