चाराची दोन बोटं करताना: गाडी लो करणाऱ्यांनो, या चुका टाळा

"काका, टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जातात, बेकार दिसतं. दोन बोटं करून द्या फक्त." आठवड्याला एक तरी पोरगा हे वाक्य घेऊन येतो. मी विचारतो, घरापासून ऑफिसपर्यंत स्पीडब्रेकर किती? गप्प. गाडीत रोज किती माणसं? गप्प. रिमचा ऑफसेट मात्र दशांशासकट तोंडपाठ.

गाडी किती खाली गेली हे कुणीही टेप लावून सांगेल. मी बघतो ते वेगळंच: खाली गेल्यावर चाकाला वर यायला जागा किती उरली. गॅरेजच्या भाषेत ट्रॅव्हल. स्प्रिंग घ्या, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअबचा जोड) घ्या नाहीतर एअर सस्पेन्शन घ्या, पैसे त्या ट्रॅव्हलसाठी मोजायचे असतात. बोटं मोजणाऱ्यांना हे पटवायला मला साधारण एक सीझन लागतो.

स्प्रिंग कापणं

याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण अजूनही हे थांबलेलं नाही. काम करणारे सहा वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक वेढा उडवला की उरलेली स्प्रिंग साधारण २० टक्के कडक होते. म्हणजे गाडी खाली येते आणि वर दणके द्यायला लागते. तेही एक वेळ सोसता येईल. खरा घोळ लांबीचा आहे. चाक हवेत लोंबकळलं की शॉकअब (शॉक ॲब्झॉर्बर) पूर्ण ताणला जातो, आणि तेवढ्या अंतरात कापलेली स्प्रिंग सैल पडते. तिला धरून ठेवणारं काहीच राहत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीतल्या एका पोराने कुठल्याशा टपरीवजा दुकानात स्विफ्टच्या चारही स्प्रिंगा गॅस कटरने कापून घेतल्या. पंधराशे रुपयांत काम झालं म्हणून स्वारी खूश. महिन्याभरात साताऱ्याला लग्नाला निघाला. गाडीत पाच जण, डिकीत आहेराची भांडी. शिरवळच्या पुढे मागचं चाक पंक्चर. रात्री साडेदहाला मला फोन: "काका, जॅक लावला तर आतून काहीतरी पडलं."

पडलं काय, मागची स्प्रिंग! स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉकअब वेगवेगळे बसतात. जॅकने बॉडी उचलली, चाक खाली लोंबलं, स्प्रिंग तिच्या सीटमधून, म्हणजे बसायच्या वाटीतून, सुटली आणि टणटणत रस्त्याकडेच्या गटारात गेली. आहेराची भांडी बाजूला ठेवून, मोबाइलच्या उजेडात, नवीन कुडते घातलेली चार माणसं गटारात स्प्रिंग शोधत होती. सापडली, तर घाईत उलटी बसवली. लग्न गाठलं, येताना वळणावर मागून ठण्ण आवाज, आणि गाडी एका अंगाला बसलेली.

माझ्याकडे आला तेव्हा ती स्प्रिंग हातात घेऊन बघितली. कापलेल्या टोकाजवळ तीन-चार इंच निळसर-काळा डाग होता. तिथला टेंपर, म्हणजे पोलादाला दिलेला कस, गेलेला. स्प्रिंगच्या पोलादाला असा जाळ दाखवला की ते बसतं, नाहीतर तिथूनच तुटतं. आणि मूळ टोक सीटच्या खाचेत नीट बसेल असं वळवलेलं असतं. कापलेलं टोक रबर खात बसतं. ग्राइंडरने कापलं तर टेंपर वाचतो, "आम्ही गॅस वापरत नाही" असं छाती काढून सांगणारेही आहेत. लांबीचं काय करणार, हे त्यांना विचारा.

स्प्रिंगच्या वेढ्यांना क्लॅम्प मारून गाडी खाली आणणारे याच जातकुळीतले. त्यांच्यावर वेगळी ओळ खर्च करत नाही.

नव्या स्प्रिंगा, जुने शॉकअब

लोअरिंग स्प्रिंगा चांगल्या कंपनीच्या घ्यायच्या आणि साठ हजार किलोमीटर चाललेले शॉकअब तसेच ठेवायचे. स्प्रिंग कडक झाली की तिची उसळी आवरायला शॉकअबही तेवढा दमदार लागतो. दमलेला शॉकअब असेल तर गाडी होडीसारखी डुलते आणि लोक शिव्या स्प्रिंगला देतात. बजेट कमी असेल तर माझा सल्ला ठरलेला: आधी चार शॉकअब आणि बम्प स्टॉप (शॉकअबच्या दांड्यावरचं, शेवटचा दणका झेलणारं रबर) बदल, सहा महिने चालव. अर्ध्यांची लो करायची हौस तिथेच फिटते, कारण त्यांना हवी होती ती पकड परत आलेली असते.

हिशेब एकदा कागदावर करा. २०१८च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. त्यातून ४० काढा, राहिले १२३. चार माणसं बसली की आणखी वीस-पंचवीस गेले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या सोसायटीसमोर रातोरात खडी-डांबर ओतून उभा केलेला उंचवटा कुठल्या प्रमाणातला, ते तुमच्या इंजिनाखालचं ऑइल चेंबर सांगेल. म्हणून रोजच्या गाडीला मी २५-३० मिलिमीटरच्या पुढे जात नाही. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकाच खांबात) असलेली गाडी फार खाली नेली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर झुकतं, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं, आणि गाडी वळणावर उलट जास्त कलते. खाली म्हणजे स्थिर, हे तिथे संपतं.

बुश हवेत आवळणं

ही चूक माझी स्वतःची, म्हणून पोटतिडकीने सांगतो. माझ्या जुन्या पोलोला कॉइलओव्हर बसवले. गाडी घोडीवर (स्टँडवर), चाकं लोंबकळलेली, आणि मी हौसेने लोअर आर्मचे सगळे बोल्ट तिथेच टाइट केले. बुश म्हणजे आर्मच्या सांध्यातली रबरी गादी; तिच्यातलं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळवटतं. हवेत आवळल्यामुळे गाडी जमिनीवर आली तीच मुळी रबराला पीळ घालून. पाचव्या महिन्यात कर्रकर्र सुरू. आर्म काढला तर रबर नळीपासून अर्धं सुटलेलं.

तेव्हापासून सवय अशी: काम सुरू करण्याआधी मडगार्डच्या कडेवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवतो आणि चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं माप त्यावरच लिहितो. जमिनीपासून मोजत नाही, टायरची हवा माप बदलते. मग ठरवलेल्या उंचीइतका आर्म जॅकने वर घेतो आणि तेव्हाच बोल्ट आवळतो. दहा मिनिटं जास्त लागतात. घाई असलेल्याने दुसरं गॅरेज बघावं.

कॉइलओव्हरवाल्यांनी आणखी एक: ज्याची खालची बॉडी फिरते तो घ्या आणि उंची तिथूनच ठरवा. स्प्रिंगखालची रिंग सैल करून गाडी खाली आणणारे ट्रॅव्हल घालवतात, वर स्प्रिंगही सैल ठेवतात. शॉकअबच्या दांड्याला एक झिप टाय बांधायचा, रोजच्या रस्त्यावर चक्कर मारायची. टाय बम्प स्टॉपला जाऊन चिकटला असेल तर गाडी जास्त खाली आहे.

किरकोळ, पण रोज दिसणारं: टॉप माउंट (स्ट्रटचं डोकं बॉडीला धरणारा भाग) आणि बेअरिंग जुनंच ठेवणं. ब्रेक पाइप स्टिअरिंग पूर्ण फिरवून न बघणं. हेडलाइटची लेव्हल न जुळवणं. एअर सस्पेन्शन लावून कोकणात जायचं आणि हवेच्या टाकीत साचलेलं पाणी काढायचं नाही.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच: आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे. विमा कंपनीला कळवल्याशिवाय बदल करू नका.

अलाइनमेंट त्याच संध्याकाळी करणारेही बरेच. नवी स्प्रिंग थोडी बसते. मी चारपाचशे किलोमीटर चालवायला लावतो, मग अलाइनमेंट. नाहीतर टायरची आतली कड गुळगुळीत होते आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. परवाच एकाचा टायर हाताने चाचपला, आतून तारा बोटाला लागल्या. बाहेरून मस्त दिसत होती गाडी, बरोब्बर दोन बोटं.