विमा पॉलिसीतील ‘नॉमिनी’ आणि ‘वारस’ यांतील फरक कसा ओळखावा

पॉलिसी हाती आल्यावर प्रथम नॉमिनीचा रकाना तपासावा, कारण घरोघरी सर्वाधिक वाद याच शब्दावरून होतात. बँकेतील ठेव किंवा कंपनीचे शेअर यांबाबत नॉमिनी हा केवळ रक्कम अथवा शेअर स्वीकारणारा विश्वस्त असतो आणि खरी मालकी मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार ठरते. आयुर्विम्यात मात्र विमा कायदा, 1938 च्या कलम 39 मध्ये 2015 साली झालेल्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असल्यास त्या रकमेवर सामान्यतः त्यांचाच लाभाचा हक्क असतो. भाऊ किंवा पुतण्या नॉमिनी असेल तर तो हक्क आपोआप मिळत नाही.

नॉमिनी अज्ञान असल्यास रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे, म्हणजे ‘अपॉइंटी’चे, नाव अवश्य नोंदवावे. विवाहापूर्वी घेतलेल्या पॉलिसीवर अनेकदा आईचेच नाव राहून जाते आणि पत्नीला ते फार उशिरा कळते, म्हणून विवाहानंतर ही नोंद पुन्हा पाहावीच. गृहकर्जासाठी पॉलिसी बँकेच्या नावे ‘असाइन’ म्हणजे हस्तांतरित केल्यास पूर्वीचे नामनिर्देशन रद्द होत नाही, मात्र बँकेच्या येणे रकमेपुरता नॉमिनीचा हक्क मर्यादित होतो. कर्ज फिटल्यावर पॉलिसी परत आपल्या नावे करून नॉमिनीची नोंद तपासून घ्यावी.